साडेबारा हजार किलोमीटर आणि पायाची पोटरी

"डॉक्टर, न्यूयॉर्कला जायला किती वेळ लागतो हो?"

हा प्रश्न पूर्वी लोक तिकिटे काढून देणाऱ्या एजंटाला विचारीत. आता तो आमच्या दवाखान्यातही विचारला जातो. सोलापुरातील कितीतरी घरांतून एखादा मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे. लेकीचे बाळंतपण आले किंवा मुलाने नवे घर घेतले, की आईवडिलांचे बोलावणे येते. पासपोर्ट होतो, व्हिसा होतो, मेतकूट, लोणची आणि डिंकाच्या लाडवांची बांधाबांध होते. मग जाण्याच्या चार दिवस आधी मंडळी दवाखान्यात येतात ती 'सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या' म्हणून.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या पेशंट असलेल्या एक काकू अशाच आल्या होत्या. वय चौसष्ट, मधुमेह, वजन थोडे जास्त, उंची बेताची. मी साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहिल्या. उठता उठता त्यांनी वरचा प्रश्न विचारला. मी कागदावरून मान न उचलता सांगितले, "पंधरा-सोळा तास. काही नाही काकू, बसल्या बसल्या पोचाल. खुशाल झोपून टाका."

उत्तर खोटे नव्हते, पण फार अपुरे होते. 'बसल्या बसल्या' आणि 'झोपून टाका' हे तर चक्क चुकीचे होते. त्याचा हिशेब काकूंच्या पायाने चुकता केला, म्हणून हा लेख.

काय झाले?

जाताना काही त्रास झाला नाही. बाळंतपण पार पडले, सहा महिने भुर्रकन गेले आणि काकू परत निघाल्या. न्यूयॉर्कहून मुंबईपर्यंत विमान, आणि विमानतळाबाहेर पुतण्या जीप घेऊन उभाच. 'आता एकदाचे घरी जाऊन पडू' म्हणून वाटेत चहापुरतेसुद्धा न उतरता त्या रात्रीतून सोलापूरला आल्या.

दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. घरात सगळ्यांनी ठरवले की प्रवासाचा शीण आहे. सुनेने मोठ्या मायेने तिळाचे तेल कोमट करून रोज पाय चोळून दिला. पाचव्या दिवशी पाऊल टेकवेना, तेव्हा त्यांना माझ्याकडे आणले.

पाय पाहताच माझ्या पोटात गोळा आला. उजवा पाय नेहमीसारखा होता. डावी पोटरी मात्र तट्ट फुगलेली, हाताला गरम लागणारी, दाबली की दुखणारी. शिंप्याकडे असते तशा साध्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरने जास्त भरली. पायाच्या नीलांची डॉपलर सोनोग्राफी लगेच करून घेतली. खोल नीलेत रक्ताची लांबलचक गुठळी होती. ज्या पायाला पाच दिवस मालीश चालले होते त्याच पायात ती बसलेली होती. चोळण्याने तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता, तर आज हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

काकूंचे नशीब चांगले. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने आणि नंतर काही महिने गोळ्या घेऊन त्या बऱ्या झाल्या. मी मात्र त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट मांडून पाहिले. न्यूयॉर्कला जायला वेळ किती लागतो?

पहिला आकडा : अंतर

मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्क विमानतळ हे पृथ्वीच्या गोलावरचे जवळात जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वी एका बैठकीत ओलांडायची. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकार केला तर चौदा तास येतात.

प्रत्यक्षात मात्र थेट विमानालाही जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास. रस्ता तोच, मग हा फरक का? उत्तर गोलार्धात विमाने उडतात त्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अमेरिकेकडे जाताना वारा नाकासमोरून येतो आणि परतताना तो पाठीवर असतो. आपण सायकलवर अनुभवतो तीच ही गोष्ट, फक्त आकाशात. शिवाय एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचा वेळ असाच वाढला होता. आखातात किंवा युरोपात विमान बदलावे लागले, तर एकूण वेळ सहज वीस-बावीस तासांवर जातो.

दुसरा आकडा : बसण्याचे तास

शरीराला किलोमीटर कळत नाहीत, बसणे कळते. आणि बसणे काही विमानात सुरू होत नाही.

काकूंचा जातानाचा हिशेब असा निघाला. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर, जीपने आठ तास. विमान सुटण्यापूर्वी विमानतळावर तीन-चार तास, बहुतेक खुर्चीतच. विमानात सोळा तास. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि पुढे मुलीच्या घरापर्यंत मोटारीत दीड-दोन तास. एकूण तीस तास! मी पेशंटला सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता बसण्याने गुठळी का होते ते पाहू. पायातले रक्त हृदयाकडे परत जाते ते उताराने नव्हे, चढाने. हे रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना ते आवळले की खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. नीलांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. माणूस गुडघे मुडपून तासन् तास स्वस्थ बसला की हा पंप बंद पडतो. खुर्चीची कड मांडीखाली रुतते, रक्त तुंबते, आणि तुंबलेले रक्त गोठू लागते. ठेंगण्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्यामुळे ही कड त्याला अधिक रुतते.

हा आजार विमानाने जन्माला घातलेला नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी कापडी आरामखुर्च्यांत बसून काढीत. अशा लोकांमध्ये फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू अचानक वाढल्याचे तेथील डॉक्टर कीथ सिम्प्सन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. खुर्च्यांऐवजी आडवे होण्यासाठी फळ्यांचे बिछाने दिले, की हे मृत्यू कमी होतात असे पुढे दिसले. दोष बसण्याचा होता.

विमानाच्या अंतराशी याचा संबंध पॅरिसच्या एका पाहणीने दाखवला. १९९३ ते २००० या काळात तेथील चार्ल्स द गॉल विमानतळावर उतरलेल्या साडेतेरा कोटी प्रवाशांचा हिशेब २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. उतरताच फुप्फुसातील गुठळीने गंभीर झालेले लोक त्यात मोजले होते. ५,००० किलोमीटरपेक्षा कमी प्रवास केलेल्यांत असे रोगी दहा लाखांत ०.०१, म्हणजे जवळजवळ नाहीतच. ५,००० च्या वर दहा लाखांत दीड. आणि १०,००० च्या वर दहा लाखांत ४.८. आपले न्यूयॉर्क या शेवटच्या गटात बसते.

वाचकांनी घाबरून तिकिटे रद्द करू नयेत. दहा लाखांत पाच हा आकडा लहानच आहे. मात्र त्यात विमानतळावरच कोसळलेले रोगी धरले आहेत. घरी गेल्यावर पाय सुजलेल्या आमच्या काकूंसारखे लोक त्यात येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढा असतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. बस, रेल्वे आणि मोटारीतल्या लांब प्रवासालाही हेच लागू पडते. म्हणजे सोलापूर-मुंबई जीपचे आठ तास बाजूला ठेवून चालत नाही.

धोका सर्वांना सारखा नसतो. पूर्वी कधी गुठळी झालेली असणे, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असणे, कर्करोग, पायाला प्लास्टर, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे, स्थूलता, संततिनियमनाच्या गोळ्या, वाढते वय, यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. अशांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय निघू नये.

आपल्या मंडळींच्या सवयी

विमानाचे सोडा, आपल्या सवयीही यात भर घालतात. काकूंना मी नंतर खोदून विचारले, तेव्हा कळले की विमानात त्या जेमतेम दोनदा उठल्या. का? तर जागा खिडकीकडची. शेजारी दोन अनोळखी माणसे झोपलेली. "त्यांना कसं उठवायचं? बरं दिसतं का ते?" विमानातल्या संडासाचे दार कसे लावायचे याचीही धास्ती. म्हणून पाणीच कमी प्यायचे. सकाळची लघवीची गोळीसुद्धा त्यांनी स्वतःच बंद ठेवली होती. पायाशी हातातली पिशवी, त्यामुळे पाय लांब करायलाही जागा नाही.

चाकाच्या खुर्चीचेही तसेच. इंग्रजी येत नाही, विमानतळावर चुकू, म्हणून मुले आईवडिलांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवतात. सोय उत्तम आहे, जरूर घ्यावी. पण ज्यांना चालता येते त्यांनी विमानात चढल्यावर तरी आपण चालू शकतो हे विसरू नये.

विमानाच्या आतल्या हवेबद्दलही दोन शब्द सांगतो. आत हवेचा दाब समुद्रसपाटीएवढा नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. आपले कळसूबाई शिखर आहे ५,४०० फूट. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेले असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, दमा वाढलेला असेल, चार पावलांत धाप लागत असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर ही विरळ हवा त्रास देऊ शकते. अशा पेशंटने 'जाऊ का?' हे तिकीट काढण्याआधी विचारावे, काढल्यावर नव्हे. ही हवा अतिशय कोरडीही असते. घसा, नाक, डोळे सुकतात. पाणी थोडे थोडे पीत राहावे.

तिसरा आकडा : घड्याळ

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ. याची गंमत पाहा. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघून सोळा तास उडालात, तर न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या सकाळी सातला उतराल. दोन्ही घड्याळांकडे पाहिले तर प्रवास अवघा साडेपाच तासांचा! उलट न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघून चौदा तासांत मुंबई गाठलीत, तर इथे दुसऱ्या दिवसाचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. घड्याळाप्रमाणे साडेचोवीस तास.

मधुमेहाच्या पेशंटसाठी ही गंमत राहत नाही. जाताना त्याचा दिवस साडेचौतीस तासांचा होतो, येताना साडेतेरा तासांचा. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणाऱ्याने फक्त मनगटावरचे घड्याळ पाहून सुई टोचली, तर जाताना डोसांमध्ये फार अंतर पडेल. येताना डोस जवळजवळ येऊन साखर एकदम खाली जाईल. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून भारतीय वेळेप्रमाणे तास घालून तक्ता लिहून घ्यावा. विमानात एक घड्याळ मुंबईच्याच वेळेला ठेवावे, आणि उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नवी वेळ धरावी. मनाने डोस बदलू नये. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी काही तास पुढेमागे झाल्याने सहसा बिघडत नाही. पण फिट्सचे किंवा रक्त पातळ ठेवण्याचे औषध चुकवू नये.

झोपेचे घड्याळ मेंदूत असते आणि ते उजेडावर चालते. ते दिवसाला साधारण तासभरच सरकते. त्यामुळे पहिला आठवडा मध्यरात्री जाग आणि भर दुपारी झोप हे चालायचेच. पोट साफ होत नाही, भूक अवेळी लागते. परततानाचा, म्हणजे पूर्वेकडचा प्रवास पुष्कळांना अधिक जड जातो. त्यावर साधा उपाय म्हणजे तेथील दिवसा उजेडात फिरणे आणि तेथील रात्री अंधारात पडणे. विमानात झोपेची गोळी घेऊन गाढ झोपणे वृद्धांनी टाळावे, कारण मग पाय हलतच नाहीत.

एवढे करा

१. मुंबईला निदान आदल्या दिवशी पोचून रात्री आडवे व्हा. परत आल्यावरही तसेच करा. ते जमत नसेल, तर मोटार दर दोन तासांनी थांबवून पाच मिनिटे चाला.

२. तिकीट काढतानाच मधल्या वाटेकडची जागा मागून घ्या. खिडकीतून सोळा तासांत बहुतेक अंधार आणि ढगच दिसतात.

३. जागेपणी दर तासा-दीड तासाने उठून एक फेरी मारा. मधल्या वेळात बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. शिलाई मशीन चालवल्यासारखे वीस-पंचवीस वेळा करा.

४. पिशवी पायाशी नको, वरच्या फळीवर ठेवायला सांगा. कपडे सैल घाला. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नका.

५. गुडघ्यापर्यंतचे, पोटरीला दाब देणारे मोजे औषधाच्या दुकानात मिळतात. लांबच्या विमानप्रवासात गुठळ्या कमी करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसले आहे. मात्र ते मापाचे हवेत. मधुमेह असणाऱ्यांनी पायाच्या रोहिण्या डॉक्टरांकडून तपासून मगच वापरावेत.

६. 'रक्त पातळ व्हावे' म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन सुरू करू नका. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना डॉक्टर वेगळे औषध देतात.

७. सर्व औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या पेटीत इन्सुलिन गोठण्याची भीती असते, आणि पेटीच हरवली तर पंचाईत. गोळ्या सुट्या नकोत, पाकिटासकट हव्यात. सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी असावी. खडीसाखर, बिस्किटे जवळ बाळगा.

८. लघवीची गोळी, पाणी, जेवण यांत काय बदलायचे ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच ठरवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. लांबच्या प्रवासानंतर दोन्ही घोटे थोडे सुजणे नेहमीचे आहे. रात्रभर पाय उंच ठेवून झोपले की ते उतरते. पण एकच पाय सुजला, पोटरी गरम झाली, दुखू लागली, तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखले, थुंकीतून रक्त आले किंवा चक्कर येऊन पडला, तर थेट मोठे रुग्णालय गाठा. हा धोका उतरल्यावर काही आठवडे राहतो. म्हणून डॉक्टरांना 'मी नुकताच विमानाने आलो आहे' हे न विचारता सांगा. परदेशात असाल तर तेथील डॉक्टरांना सांगा. 'उगाच मुलांना खर्च नको' म्हणून दुखणे अंगावर काढू नका. आणि निघण्यापूर्वी प्रवासाचा वैद्यकीय विमा जुन्या आजारांची माहिती न लपवता काढा.

पुन्हा तोच प्रश्न

यंदा काकू परत निघाल्या. मुलीचा दुसरा खेप. एकदा गुठळी झालेल्यांनी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो, तसा घेतला. त्यांनी प्रवासापुरते औषध लिहून दिले, मोज्यांचे माप घेतले. मग काकू माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मुद्दामच विचारले, "डॉक्टर, न्यूयॉर्कला जायला किती वेळ लागतो हो?"

या वेळी मी पेन खाली ठेवले. दोघांनी मिळून कागदावर हिशेब मांडला. जीप, विमानतळ, विमान, परत मोटार. कुठे चालायचे, कुठे पाणी प्यायचे, मुंबईच्या घड्याळाने किती वाजता कोणती गोळी. तो कागद घडी करून त्यांनी पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

पोचल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या होत्या, सारख्याच भरल्या. मग म्हणाल्या, "विमानात अकरा वेळा उठले. शेजारचे गृहस्थ आधी वैतागले. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तेही माझ्या मागोमाग फेऱ्या मारायला लागले."